एक बोट सैल

सुमती आदगोंडा मगदूम हे नाव आधी लिहितो आणि मगच प्रवासाकडे वळतो. ही माझी थोरली बहीण. हुपरीत तिला सगळे सुमाक्का म्हणतात, मी नुसतं अक्का. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ती पदवी अक्कानं पैंजणाच्या कड्या जोडून मला मिळवून दिली, आणि आज कोल्हापुरातल्या एका शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवतो ते तिच्यामुळे. कोचीहून मी गेल्या आठवड्यात परतलो. ती अजून तिकडेच आहे. घर रिकामं वाटतं म्हणून हे लिहायला बसलो आहे, आणि आमच्या भागात अक्कासारखा सुजलेला पाय घेऊन जगणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा, हाही एक हेतू आहे.

हुपरी

अक्काचा डावा पाय ती एकोणीस वर्षांची असताना सुजला, तो पुन्हा उतरला नाही. गावात त्याला हत्तीपाय म्हणून टाकलं. तो हत्तीपाय नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. शरीरात रक्तवाहिन्यांसारख्याच दुसऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांतून लसिका नावाचं पाणी वाहतं. अक्काच्या डाव्या पायात त्या जन्मापासूनच अपुऱ्या होत्या. पाणी साठत गेलं, पाय जड आणि टणक होत गेला. वर्षातून दोनतीनदा पाय लाल होऊन फणफणून ताप यायचा आणि दवाखान्यात चार दिवस सलाईन लागायचं. दोन स्थळं आली, चहा पिऊन गेली. तिसरं अक्कानंच येऊ दिलं नाही.

आमच्या घरात पुढच्या खोलीत पैंजणाचं काम चालतं. गल्लीतल्या सातआठ बायका मांडी घालून रांगेत बसतात, मांडीवर पाट, हातात चिमटा. कड्या जोडायच्या, डाख देऊन सांधा पक्का करायचा, आणि तोंडानं सगळ्या गावाची खबर घ्यायची. अक्काचा गुडघा पुरता वाकत नव्हता. म्हणून ती दाराशी एका लाकडी स्टुलावर बसून काम करायची. काम तिचं सगळ्यांत चोख, पण गप्पा खाली चालायच्या आणि ती वर. खाली कुणी हळू आवाजात काही सांगितलं आणि सगळ्या हसल्या, की अक्का विचारायची, "काय म्हणाली गं?" तोवर त्यांचा विषय पुढं गेलेला असायचा.

लहानपणी मी अभ्यास करत असताना ती घरात कुठे आहे हे मला न बघता कळायचं. एक पाऊल हलकं पडायचं, एक जड.

शाहूपुरी

कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की लसिकेच्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शिरांना जोडणारी शस्त्रक्रिया असते, पण ती करणारे हात मोजक्याच गावांत आहेत. कोचीचं नाव त्यांनीच दिलं. तिथल्या डॉक्टरांशी फोनच्या पडद्यावर बोलणं झालं. त्यांनी खर्चाचा अंदाज कळवला. माझ्या वर्षभराच्या पगाराच्या जवळपास जाणारा तो आकडा होता.

सरकारी योजनेच्या यादीत हे ऑपरेशन मला सापडलं नाही. अक्काच्या नावानं मी काही वर्षांपूर्वी विमा उतरवला होता. विमा कंपनीच्या शाहूपुरीतल्या कार्यालयात आम्ही दोघं गेलो. साहेब भला माणूस, पण त्याच्या पडद्यावर हे काम सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेत दिसत होतं, आणि तसल्या शस्त्रक्रियेला पैसे मिळत नाहीत. मी कागद दाखवत राहिलो, तो मान हलवत राहिला. शेवटी अक्कानं साडी पोटरीपर्यंत उचलली आणि पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला.

"साहेब, ह्यात सुंदर करण्याजोगं काय दिसतंय तेवढं सांगा. मी तेवढ्याचंच पैसं भरते."

साहेबांनी पाणी मागवलं. मग आवाज उतरवून त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली: ताप येऊन दवाखान्यात राहिल्याची जितकी जुनी कागदपत्रं असतील तितकी लावा, आणि ऑपरेशनच्या डॉक्टरांकडून 'हे न केल्यास पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होईल' असं लिहून आणा. वाचकांपैकी कुणाला गरज पडली तर हे ध्यानात ठेवा, डिस्चार्जचे कागद फेकू नका. आमचे निम्मे उंदरांनी खाल्ले होते. उरलेले लावून अर्ज केला. तो अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.

कोचीहून एक फॉर्मही आला होता. पायाला दाबून धरणारा, मापाचा खास मोजा करून घ्यायचा, तो सहा महिने घालायचा आणि मग यायचं. पाय मऊ झालेला असेल तर आल्या आठवड्यात ऑपरेशन. नऊ ठिकाणी घेर मोजायचा होता. माप जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून घ्यावं असं खाली छापलेलं होतं. ते वाचून मला हसू आलं. मापाचं काम हुपरीतल्या माणसाला बाहेरच्यानं शिकवायचं? अक्कानं दोरा घेतला, नऊ ठिकाणी गुंडाळला, पट्टीवर ठेवून आकडे सांगितले. मी सुवाच्य अक्षरात लिहिले.

कोची, पहिले दिवस

मिरजेहून गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर उसाऐवजी नारळ आणि पाणी दिसू लागलं तेव्हा अक्का म्हणाली, "एवढं पाणी ह्यांच्यात, आन् माझ्याबी पायात. जमंल आपलं." माझी बायको उज्ज्वला हसता हसता डब्यातली भाकरी सांडून बसली.

रुग्णालयाजवळच एक लॉज मिळालं. खाली त्यांचीच खाणावळ. तिथं प्यायला कोमट, गुलाबी रंगाचं पाणी देतात. कुठल्याशा झाडाची साल घालून उकळतात म्हणे. अक्कानं पेला नाकाशी नेऊन खाली ठेवला आणि पहिले दोन दिवस पिशवीतल्या बाटलीवर काढले. तिसऱ्या दिवसापासून तेच मागू लागली. जाड्या लाल भाताशी मात्र तिचं जमलं नाही. भाताचं एक शीत बोटांत धरून ती म्हणाली की हे कडी म्हणून जोडता येईल.

आम्ही जैन. अक्का सूर्यास्तानंतर खात नाही आणि कंदमूळ तर नाहीच. आणि तिकडे कंदाशिवाय पान हालत नाही. उकडलेला एक पांढरा कंद खाणावळीच्या मालकिणीनं मोठ्या प्रेमानं वाढला, तो परत पाठवताना मला तिची समजूत घालता येईना. इंग्रजी माझी पुस्तकी, तिची त्याहून कमी. अक्कानं जमिनीकडे बोट दाखवलं, उपटल्याचा हावभाव केला आणि मान हलवली. मालकीण समजली. दुसऱ्या दिवसापासून केळी, ताक आणि तांदळाची पातळ जाळीदार धिरडी मिळू लागली. मी स्वतः कॉलेजात गेल्यापासून दिवेलागणीचा नेम सोडला आहे. अक्कानं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही.

पट्ट्या बांधण्याच्या विभागात शायनी नावाच्या सिस्टर होत्या. वय तिशीच्या आत, आवाज करडा. त्या अक्काला 'चेची' म्हणायच्या. चेची म्हणजे अक्काच, हे कळल्यावर अक्कानं मला सांगितलं की ही पोरगी आपल्यातली आहे.

पहिल्याच दिवशी शायनी सिस्टरनी मोज्याच्या वरच्या कडेत बोट घातलं. बोट सहज आत गेलं आणि फिरलंही. त्यांनी घोट्यापाशी घातलं, तिथंही गेलं. टेप काढून त्यांनी नऊ ठिकाणी माप घेतलं, फॉर्मवरचे आकडे बघितले, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, हे माप कुणी घेतलं?

मी अभिमानानं सांगितलं की माझ्या बहिणीनं. तिचा तो व्यवसायच आहे.

सिस्टरनी तिला पुन्हा तसंच मोजून दाखवायला सांगितलं. अक्कानं दोरा पोटरीभोवती घेतला, टोकं जुळवली, आणि दोरा नि पाय यांच्यामध्ये डाव्या हाताचं एक बोट सरकवलं. मग दोरा चिमटीत धरला. हे तिनं इतक्या सहज केलं की मलाही आधी त्यात काही दिसलं नाही. मी त्या घरात वाढलो आहे. पैंजणाचं माप असंच घेतात. एक बोट सैल ठेवावंच लागतं, नाहीतर पैंजण काचतं, पोरीबाळी रडतात, आणि व्यापारी जोड परत पाठवतो. हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही.

आणि हा मोजा काचण्यासाठीच होता.

नऊही ठिकाणी एक एक बोट. सहा महिने अक्कानं उन्हाळ्यात, घामात, खाज सोसून तो मोजा इमानानं घातला, आणि त्यानं काहीही धरून ठेवलं नव्हतं. पाय उलट अर्धा इंच वाढला होता.

डॉक्टरांची खोली

डॉक्टर शांतपणे म्हणाले की अशा टणक पायावर आता ऑपरेशन करून उपयोग नाही. रोज पट्ट्या बांधू, दोन आठवडे बघू. मऊ झाला आणि तपासणीत एखादी चालू नळी सापडली तर करू. नाही सापडली तर परत जावं लागेल. आम्ही दहा दिवसांच्या हिशेबानं आलो होतो.

उठण्याआधी त्यांनी अक्काला विचारलं की या ऑपरेशनकडून तुम्हाला काय हवं आहे. मी भाषांतर केलं. मला वाटलं ती म्हणेल पाय बारीक व्हावा, दुसऱ्या पायासारखा दिसावा. इतकी वर्षं मी तेच धरून चाललो होतो.

अक्का म्हणाली, "बारीक न्हाय झाला तर न्हाय. मांडी घालून बसायचं हाय मला. बायकांच्यात, खाली."

मी मांडी या शब्दासाठी इंग्रजी शोधत राहिलो. सापडेना. तेव्हा मी डॉक्टरांसमोर फरशीवर मांडी घालून बसून दाखवलं. बसल्यावर मला लगेच उठता आलं नाही. डॉक्टर खुर्चीवरून वाकून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी अक्काचा गुडघा हातात घेऊन किती वाकतो ते पाहिलं आणि कागदावर एक ओळ लिहिली. ती ओळ काय होती ते मी विचारलं नाही.

बाहेर बाकावर मी अक्काला म्हणालो की चूक माझी आहे. फॉर्मवर छापलेलं मी वाचलं होतं. दाब म्हणजे काय हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तू शिकवलंस मला एवढं, आणि मी नुसतं लिहून घेतलं.

तिनं साडी घोट्यापर्यंत सारखी केली.

"माप माझं, अक्षर तुझं," ती म्हणाली. "दोघांचंबी चुकलं. आता रडत बसलास तर दिवस मावळंल, मला जेवायचं हाय."

चौदा दिवस

रोज सकाळी पाय चोळून पाणी वर सरकवायचं, मग मलमल, कापूस आणि चार थरांच्या पट्ट्या. तीन तास. संध्याकाळी पट्ट्या नव्यानं बांधून पुन्हा व्यायाम. तो कधी कधी सहाच्या पुढं लांबायचा आणि अक्का खिडकीतून मावळतीकडे बघत राहायची. शेजारच्या पलंगावर वायनाडकडची एक बाई होती. कर्करोगाच्या ऑपरेशननंतर तिचा हात सुजला होता. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण त्या बोलायच्या सारखं, एक मल्याळममध्ये आणि एक हुपरीच्या भाषेत, आणि बरोबर ठिकाणी हसायच्या. तिसऱ्याच दिवशी त्या बाईनं ऊन भिंतीवरून वर सरकताना पाहिलं, चांगल्या हातानं केळं सोललं आणि अक्काच्या तोंडाशी धरलं. सिस्टर पट्टी बांधत होत्या, अक्काला हलता येत नव्हतं. तिनं ते तसंच खाल्लं. पुढं रोजचा तो रिवाजच पडला.

पाचव्या दिवसापासून अक्का स्वतः पट्टी बांधू लागली. तिची बोटं बघून सिस्टर थक्क झाल्या. थर अगदी सारखे, कडा सरळ. फक्त सुरुवातीला ती प्रत्येक वेढ्याला नकळत बोट सरकवायची, आणि शायनी सिस्टर तिच्या बोटावर चापट मारायच्या. "नो फिंगर, चेची." अक्का मला म्हणाली, "तीस वर्षाचं बोट हाय ते. एवढ्यात कसं ऐकंल?" पण ऐकलं त्यानं.

मला तिथं संध्याकाळी गावाची फार आठवण यायची. चिमट्यांचा आवाज, डाखाचा वास, गल्लीतून हाका. लॉजच्या गच्चीवरून खाडीपलीकडे दिवे लागताना दिसायचे. ते सुंदर होतं, हे मी मान्य करतो. पण कुणी "काय पावणं, कवा आलासा?" म्हणणारं नव्हतं.

चौदाव्या दिवशी पायात हिरव्या रंगाचं औषध टोचून एका कॅमेऱ्याखाली तपासणी केली. खोलीत अंधार केला होता. पडद्यावर अक्काचा पाय आला, बहुतेक ठिकाणी नुसता धुरकट डाग. डॉक्टर कॅमेरा वर सरकवत होते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक रेघ चमकली, तिच्याशेजारी दुसरी, मग आणखी दोन.

अक्का मान उचलून बघत होती. "कड्या हायत की," ती म्हणाली. "सुटल्यात नुसत्या."

मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही. पाय मऊ झाला आहे, नळ्याही चालू आहेत, ऑपरेशन करू, असं ते म्हणाले.

पैसे भरायला मी खिडकीवर गेलो. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून निम्मे उचलले होते, निम्म्यासाठी पतसंस्थेत अर्ज करायचा विचार होता. अक्कानं उज्ज्वलाच्या हातून एक पावती पाठवली. माझ्या मुलीच्या कॉलेजसाठी म्हणून तिनं आठ वर्षं कुणाला न सांगता ठेव ठेवली होती, ती निघायच्या आधीच मोडून पैसे खात्यात ठेवलेले होते. मी वर जाऊन तिच्याशी भांडलो. ती म्हणाली की ज्या पोरीचा बाप शिकलेला आहे तिची काळजी आपण का करावी. मी खाली जाऊन पैसे भरले.

ऑपरेशन पाच तास चाललं. चार नळ्या जोडल्या. डॉक्टरांनी कोणतीही मोठी आशा लावली नाही. पाय पुरता उतरणार नाही, मोजा जन्मभर, पण ताप येणं कमी व्हावं, पाय मऊ राहावा. गुडघा वाकेल का, हे महिन्याभरानं कळेल. तोवर तिला तिथंच राहायचं आहे. माझी रजा संपली होती. उज्ज्वला थांबली, मी निघालो. निरोप घेताना अक्का पलंगावर होती, पाय उशांवर. तिचं पाऊल ऐकायला न मिळता मी खोलीबाहेर पडलो, तो आयुष्यातला पहिला प्रसंग.

फोन रोज होतो. पण मी वसतिगृहात असल्यापासून अक्काचा हट्ट आहे की पत्र लिही, फोनवर बोललेलं पुन्हा वाचता येत नाही. ती चौथीपर्यंत शिकली, म्हणून अक्षर मोठं काढावं लागतं. परवा टाकलेलं पत्र हे:

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार.

तुझं नवीन माप उज्ज्वलानं पाठवलं. मी दोनदा विचारून घेतलं की बोट कुठं होतं. ती म्हणाली, अक्कांनी बोट पाठीमागं बांधून ठेवलं होतं. बरं वाटलं.

रविवारी दिवसभर पुढच्या खोलीत बसलो. काम नीट चाललंय. तुझ्या हातचा डाख कुणाला जमत नाही, दोन जोड परत आले. बायका तुझी रोज आठवण काढतात. त्यांनी तुला निरोप सांगितलाय, तो कागदावर लिहिण्यासारखा नाही. आलीस की खाली बसून ऐक.

विम्याच्या साहेबांना भेटलो. कागद वर गेलेत म्हणाले. तुझ्या पायाची चौकशी केली.

मी संध्याकाळी दिवस असताना जेवतो आहे. नेम म्हणून नाही. त्या वेळी तू तिकडे जेवत असशील, म्हणून.

रात्री वाचत बसलो की अजून मान वर होते. वाटतं तू स्वयंपाकघरातून येतेस. पाय कमी झाल्यावर तुझं पाऊल कसं वाजेल ते मला माहीत नाही. दोन्ही सारखी वाजली तर पहिले काही दिवस मी ओळखणार नाही, तेव्हा हाक मार.

दाराशी तुझं स्टूल आहे तसंच आहे. बायकांनी विचारलं, माळ्यावर टाकू का. मी नको म्हणालो. रांगेत त्यांनी भिंतीकडून तिसरी जागा मोकळी ठेवली आहे, तिथं कुणाला बसू देत नाहीत. तू ये. आधी खाली बसून बघ. जमलं तर स्टूल तुझ्या हातानं उचल. नाही जमलं तर मी त्याचे पाय कापून त्यांच्या बरोबरीला आणतो. सुताराला विचारून ठेवलंय.

तुझा,
बाळू